डुक्कर गाडीतून मुलुंड ते बोरिवली

मुंबईला जाऊन आलं की आमच्या कराडात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "समुद्र बघितला का?" मी पाच दिवस राहून आले आणि समुद्र बघितला नाही. राणीचा बाग नाही, म्हातारीचा बूट नाही, काही नाही. आमची मुंबई मुलुंडला सुरू झाली आणि बोरिवलीला संपली. शाळेत मी भूगोल शिकवते. भिंतीवरच्या नकाशात ही सगळी गावं माझ्या एका बोटाच्या पेराखाली झाकली जातात. त्यामुळे इथे काही बघण्यासारखं असेल असं मला जाताना वाटलं नव्हतं.

गेलो होतो ते गाडी आणायला. ह्यांचं विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि जुन्या गाड्यांचं वेड लग्नाच्या आधीपासूनचं. त्यातही एकाच गाडीचं. आमच्याकडे जिला सरळ 'डुक्कर' म्हणतात ती, गोल पाठीची, पुढून नाक फुगवलेली. आता रस्तोरस्ती त्या नव्या चिमुकल्या गाड्या झाल्यात आणि लोक जुन्या गाड्या भंगारात घालतात. ह्यांनी पेपरातली चार ओळींची जाहिरात कापून खिशात ठेवली, आठवडाभर खिशातच ठेवली, आणि मे महिन्याची सुट्टी लागल्यावर मला म्हणाले, "मुंबई बघायची ना तुला? चल."

घाटकोपरला ह्यांची मावसबहीण राहते, तिच्याकडे उतरलो.

मुलुंड

गाडी एका तीन मजली इमारतीच्या आवारात, जांभळाच्या झाडाखाली उभी होती. जांभळं पडून टपावर ठिपके ठिपके झाले होते, पण त्याखालचा करडा रंग असा राखलेला, की ह्यांनी हात लावायच्या आधी पँटला पुसला.

मालकीणबाई म्हणजे सामंतकाकू दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. साठीच्या, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आमच्याकडे दिवसभर दार उघडं असतं आणि कोणीही हाक मारत आत येतं. इथे प्रत्येक दाराला भोक, भोकातून एक डोळा, मग साखळी, मग अर्धं दार. मला सुरुवातीला अपमान वाटला. पण एकदा दार उघडलं की उघडलंच. काकूंनी आम्हाला गाडीचं बोलू द्यायच्या आधी पाटावर बसवलं आणि आंबोळ्या वाढल्या, जाळीदार, लुसलुशीत, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. वरून सोलकढी. आम्ही भाकरी-खर्डा खाणारी माणसं. ह्यांनी सोलकढी पहिल्यांदाच पाहिली, गुलाबी ताक समजून तीन वाट्या प्यायली.

"आमचे हे गेले त्याला दहा महिने झाले," काकू म्हणाल्या. "गाडी त्यांचा जीव की प्राण. रविवारी स्वतः धुवायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. इथले दोन-तीन दलाल आले होते हो, पण मला त्यांना द्यायची नव्हती. कराड म्हणजे लांबच ना?"

"पुण्याच्याही पुढे," हे म्हणाले.

"मग गाडी तिकडेच राहील ना? परत इकडे कुणाला विकणार नाही?"

हे त्यांनी दोनदा विचारलं. नवऱ्याची आठवण परक्या माणसाच्या हाती रोज डोळ्यांसमोरून फिरायला नको, असं असेल, असं आम्ही समजलो. मला त्यांचं ते आवडलं.

शोकेसमध्ये एका मुलीचा फोटो होता. काळा गाउन, हातात गुंडाळी, हसू दाबून धरलेलं. मी विचारलं.

"माझी नीला. बोरिवलीला दिलीय. एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. हुशार हो, फार हुशार, पण वेंधळी. आठ वर्षांपूर्वी मस्कतच्या इस्पितळात नोकरी लागली होती तिला. पासपोर्ट आला, पत्र आलं, आणि ऐन वेळी बाईसाहेब सगळे कागद बसमध्ये विसरल्या. दाखले, डिप्लोमा, सगळं. नव्या नकला हातात येईपर्यंत वर्ष गेलं. तोवर तिकडे थांबणार कोण?"

हे सगळं त्या एका दमात बोलल्या. पाठ असल्यासारखं. मग उठून ताटं उचलायला लागल्या.

साकीनाका

कागदपत्रं होऊन गाडी तिसऱ्या दिवशी ताब्यात आली. मुलुंडहून आग्रा रोडने घाटकोपरपर्यंत गाडी अशी आली, की हे स्टेअरिंगवर बोटांनी ताल धरून होते. रात्री तिथेच विश्रांती घेऊन निघायचं, असा बेत. पण मागचा दिवा लागत नव्हता. बहिणीच्या यजमानांनी सांगितलं, साकीनाक्याला परब नावाचे मिस्त्री आहेत, जुन्या गाड्यांचे डॉक्टर, त्यांना दाखवा.

असल्फ्याच्या चढावर हॉर्न अडकला. वाजायला लागला तो थांबेचना. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरावर एकमेकांच्या खांद्यावर चढलेली घरं, आणि त्या सगळ्या घरांतून माणसं बाहेर येऊन आमच्याकडे बघतायत. हे बटण ठोकतायत, मी कानात बोटं घालून बसलेय. पुढच्या रिक्षावाल्याला वाटलं आम्ही त्यालाच वाजवतोय. तो उतरून भांडायला आला, बॉनेटपाशी आला, आणि एका क्षणात त्याचा राग गेला.

"अरे काका, वायर काढा ना! थांबा, मी काढतो. वाट लागली यार कानाची."

वायर उपटून दिली आणि रिक्षात बसून निघूनही गेला. आभार मानायला वेळच दिला नाही. आमच्याकडे एवढ्या ओळखीवर माणसाने गाव, आडनाव, मुलंबाळं विचारून चहा पाजला असता. इथे मदत पटकन मिळते आणि पटकन संपते. वाईट मात्र नसते.

साकीनाक्याला लेथचे आवाज, वेल्डिंगच्या ठिणग्या, पत्र्याच्या शेड. रस्त्याची मातीसुद्धा लोखंडाच्या किसाने काळी झालेली. परबमिस्त्री पूर्वी गिरणीत फिटर होते. आता दहा बाय पंधराच्या शेडमध्ये त्यांचं राज्य. गाडी बघून त्यांनी विडी विझवली.

"खंयचे तुम्ही? कराडचे? बरी गाडी गावली तुमका. इंजिन बघा, सुपारी ठेवा वर, हलूची नाय." मग माझ्याकडे बघून शहरी मराठीत आले, "वहिनी, मागच्या दिव्याची वायर सीटखालून जाते. सीट काढायला लागेल. बसा जरा."

मागची सीट म्हणजे मोठा गादीचा ठोकळा. ती उचलली तेव्हा खालून आठ-दहा वर्षांचा संसार निघाला: केसाच्या तीन पिना, चिंचोके, बसचं विरलेलं तिकीट, अर्धी पेन्सिल. मी पिना उचलत होते, तेवढ्यात मिस्त्रींनी कोपऱ्यातून एक चपटं पुडकं ओढून काढलं. मेणकापडात गुंडाळून सुतळीने बांधलेलं. बांधलेलं म्हणजे, दुकानदार बांधतात तसं नव्हे. प्रत्येक कडा दुमडून, गाठ मध्यभागी आणून.

"उघडा," हे म्हणाले. "गाडीचं बुक असेल."

आत फाइल होती. सर्वात वर बी.एस्सी.चं प्रमाणपत्र, 'कुमारी नीला सामंत'. त्याखाली लॅबचा डिप्लोमा. शाळा सोडल्याचा दाखला. पासपोर्ट. आणि मस्कतच्या इस्पितळाचं टाइप केलेलं पत्र, आठ वर्षांपूर्वीचं.

मी ते पत्र हातात धरून उभी राहिले. लेथचा आवाज चालूच होता.

"बसमध्ये विसरले होते ना हे?" हे हळूच म्हणाले.

"बसमध्ये विसरलेले कागद आपण होऊन सीटखाली येऊन बसत नाहीत," मी म्हटलं.

परबमिस्त्रींना आम्ही थोडक्यात सांगितलं. त्यांनी मेणकापडाच्या घडीतून बोटाने दोन-चार डांबरगोळ्या बाहेर काढल्या आणि तळहातावर घेतल्या. काही झिजून मिरीएवढ्या झालेल्या, दोन मात्र चांगल्या हरभऱ्याएवढ्या.

"ह्यो बघा. आठ वर्षां गोळी टिकणा नाय, वहिनी. वर्षात उडून जाते. म्हणजे कोणीतरी येऊन बदलत होता. झुरळ लागू नये, वाळवी लागू नये म्हणून." त्यांनी गोळ्या परत जागच्या जागी ठेवल्या. "लपवणारा माणूसच सांभाळीत होता."

रविवारी गाडी स्वतः धुणारा माणूस.

रात्री घाटकोपरला जेवताना हे म्हणाले, "कागद काकूंना देऊन टाकू. त्यांच्या घरातलं आहे, त्यांचं ते बघतील. आपण गाडी घ्यायला आलोय."

"नाव नीलाचं आहे त्याच्यावर."

"अगं, मेलेल्या माणसाचा विषय आहे."

"आणि जिवंत मुलीचा नाही?"

दहावीच्या निकालानंतर मी दरवर्षी मुलींच्या हातात दाखले देते. घेण्याआधी त्या फ्रॉकला हात पुसतात. पुसायची गरज नसते, तरी पुसतात. मला ते सारखं दिसत होतं. शेवटी ठरलं, काकूंना दाखवायचं तर खरं, त्या आई आहेत, पण नीलापर्यंत ते पोचेल ह्याची खात्री केल्याशिवाय मुंबई सोडायची नाही.

पुन्हा मुलुंड

सकाळी काकूंनी दाराच्या भोकातून आम्हाला बघितलं आणि दार उघडायला जरा वेळ लावला. मी पुडकं पुढे केलं. मला वाटलं होतं त्या विचारतील, हे काय, कुठे मिळालं.

त्या म्हणाल्या, "हे परत कशाला आणलंत?"

त्यांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं. खुर्चीवर बसल्या. पुडक्याला हात लावला नाही.

"शिंदेबाई, तुम्हाला एक मागू? हे कराडला घेऊन जा. जाळा, नाहीतर कृष्णेत सोडा. तिला देऊ नका. बाप होता हो तिचा. तिचा फार जीव त्यांच्यावर. माणूस गेला, आता तरी तिच्या मनात चांगला राहू दे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत 'ऐक' असं होतं. आणि खरं सांगते, मी ऐकणारच होते. समोर एक विधवा बाई हात जोडून बसलेली, आणि मी कोण? चार दिवसांची पाहुणी. पण तोंडातून निघून गेलं, "काकू, परवा तुम्ही आम्हाला पहिल्या भेटीत सांगितलंत, की माझी मुलगी वेंधळी आहे म्हणून. असं किती जणांना सांगून झालंय?"

बोलले आणि माझं मलाच वाईट वाटलं. फार लागणारं बोलले मी. काकू उठून आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं. हे मला म्हणाले, "झालं समाधान?" भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकत आम्ही बसलो.

दहा-पंधरा मिनिटांनी त्या बाहेर आल्या त्या इस्त्रीची सुती साडी नेसून, हातात पर्स, पायात चपला.

"गाडी बोरिवलीपर्यंत जाईल ना?"

"जाईल की," हे म्हणाले.

"मग चला. मीच देते."

खाली आल्यावर मी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं. त्यांनी मान हलवली आणि मागचं दार स्वतः उघडून आत बसल्या. "आठ वर्षांत मागे बसले नाही मी," म्हणाल्या. "स्प्रिंग गेलीय, टोचेल, असं सांगायचे हे. बघा, कुठे टोचतेय?" आणि पुडकं मांडीवर घेतलं.

जोगेश्वरी

घाटकोपर, असल्फा, साकीनाका असं करत हायवेला लागेपर्यंत ऊन चढलं. काकू मुलुंडला तीस वर्षं राहिलेल्या, पण पलीकडच्या बाजूला फारशा आल्या नव्हत्या. बोरिवलीची लेक सणावारी स्वतःच येते. काकू सासरकडच्या गावाला वर्षातून एकदा, बाकी मुलुंड एके मुलुंड. मला आश्चर्य वाटलं. आम्ही बाहेरचे लोक 'मुंबई' असं एक नाव घेतो. इथल्या माणसाला पूर्वेचं पश्चिमेला जायचं म्हणजे आमचं कराड-चिपळूण.

जोगेश्वरीपाशी इंजिन तापलं. बॉनेटमधून वाफ निघाली. ह्यांनी गाडी आतल्या रस्त्याला घेऊन सावलीत लावली आणि म्हणाले, अर्धा-पाऊण तास लागेल, तुम्ही इथे जवळच लेणी आहेत ती बघून या.

चाळी, झोपड्या, वाळत घातलेले कपडे, बोळात पाण्याची पिंपं, आणि त्यांच्यामध्येच एकाएकी जमीन खाली जाते. दगडात कोरलेल्या पायऱ्या. पायऱ्या उतरल्या की उन्हाचा पत्ताच नाही. प्रचंड मोठा सभामंडप, रांगेने खांब, ओलसर वास, वटवाघळांची फडफड. वेरूळला मी मुलींची सहल घेऊन गेले होते, तिथे तिकीट काढून, माहिती ऐकून बघायचं असतं. इथे एक बाई खांबाला टेकून तांदूळ निवडत बसली होती. मधल्या गाभाऱ्यात जोगेश्वरी, शेंदूर, एक समई. वरती लोकांच्या घरांची जमीन, आणि खाली देवी.

काकूंनी नमस्कार केला आणि एका खांबाच्या बैठकीवर बसल्या. मी शेजारी बसले.

"मला ह्यांनी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "इस्पितळात. शेवटच्या आठवड्यात. म्हणाले, मागच्या सीटखाली नीलाचं आहे, तिला दे आणि सांग. मी विचारलं, काय आहे. मग सगळं सांगितलं."

त्या हळू बोलत होत्या, पण तिथे दगडामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"एकुलती एक. त्यांना नाही म्हणायची सवयच नव्हती. पासपोर्टच्या फॉर्मवर सही त्यांनी केली, फोटो काढायला तेच घेऊन गेले. आतून मात्र जीव जात होता. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीचं तिकडे काही बरं झालं नव्हतं, ते डोक्यात. ही निघायला पंधरा दिवस असताना त्यांनी कागद काढून ठेवले. मनात इतकंच, की तारीख टळू दे, मग 'सापडले' म्हणून देऊ. पण ही तीन दिवस जेवली नाही. म्हणायला लागली, मीच बसमध्ये ठेवले असणार, मीच मूर्ख. तिने स्वतःच स्वतःवर घेतलं आणि मग ह्यांचं तोंड उघडेना. आज सांगतो, उद्या सांगतो. तिच्याबरोबर बसडेपोत गेले हो शोधायला. तीन डेपो. कागद गाडीत, आणि हे उन्हात डेपोत."

"आणि तुम्ही?"

"मी तर त्यांच्याहून वाईट. त्यांनी सांग म्हणून सांगितलेलं मी दहा महिने पोटात ठेवलं. फेकायचा धीर होईना, जाळायचा होईना. शेवटी म्हटलं, गाडीच विकावी. लांबच्या माणसाला. गाडीबरोबर जाईल." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तुम्ही विचारलंत ना सकाळी, किती जणांना सांगितलं म्हणून. ह्या दहा महिन्यांतसुद्धा सांगत होते मी. माहीत असून. तोंडाला सवय लागलेली."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार? आपण असं केलं नसतं, असं म्हणायला माझी जीभ वळेना. आईबापांनी मुलांपासून लपवलेली एखादी गोष्ट नसेल, असं घर मला तरी माहीत नाही.

बोरिवली

नीलाचं घर पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला. खिडकीतून डोंगर हिरवा नाही, मे महिन्याचा तांबूस दिसत होता. सकाळची पाळी करून ती नुकतीच आली होती. तिशीची, आईसारखीच किडकिडीत. यजमान ऑफिसात, चार वर्षांची पिंकी आत झोपलेली. आईला बघून ती आधी घाबरली, "काय गं, बरं आहे ना?" मग आम्हाला बघून गोंधळली. काकूंनी आमची ओळख सांगितली, गाडी घेणारे म्हणून. तिने हसून पाणी आणलं.

काकूंनी पुडकं टेबलावर ठेवलं आणि सुतळी सोडली.

नीलाने पहिला कागद बघितला. ओढणीला हात पुसले. मग एकेक कागद उचलून, उलटून, खाली ठेवत गेली. पासपोर्ट उघडून फोटोकडे बघितलं. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"सगळे आहेत," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आई, सगळेच्या सगळे आहेत गं! कुठे मिळाले? डेपोत?"

काकू म्हणाल्या, "बसमध्ये नव्हतेच ते. तुझ्या बाबांनी ठेवले होते, गाडीत. तू जाऊ नयेस म्हणून. जाताना त्यांनी मला सांगितलं, तुला द्यायला. मी दिले नाहीत."

एवढंच. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. लेण्यात जे जे सांगून झालं होतं, त्यातली एकही सबब त्यांनी इथे पुढे केली नाही.

नीलाने कागद परत एकावर एक रचले. मग म्हणाली, "म्हणजे मी विसरले नव्हते."

"नाही."

"आई, मी विसरले नव्हते." आवाज चढत गेला. "तुला माहितीय मी घराला कुलूप लावून किती वेळा परत येते? स्टेशनवरून परत येते मी! लॅबमध्ये प्रत्येक बाटलीचं लेबल तीनदा वाचते. सगळे म्हणतात, नीला किती व्यवस्थित. व्यवस्थित नाही गं, भीती वाटते मला. आपण काहीतरी विसरणार आणि कुणाचं तरी वाटोळं होणार, अशी भीती. पिंकीला रस्त्याने नेताना मी तिचा हात इतका घट्ट धरते की ती रडते. आणि बाबा... बाबा माझ्याबरोबर डेपोत आले होते. मला उसाचा रस पाजला. म्हणाले, जाऊ दे नीलू, नशिबात नव्हतं."

काकू खाली बघून ऐकत होत्या.

"भांडता तरी आलं असतं ना त्यांना! जाऊ नकोस म्हणायचं. मी रडले असते, चिडले असते, गेले असते किंवा राहिले असते. पण मला माहीत असतं." ती थांबली. डोळे पुसले नाहीत. "तू आज जा, आई. मला आज तुझ्याशी नाही बोलता येणार."

काकू लगेच उठल्या. हेही उठले. मला वाटत होतं काहीतरी बोलावं, समजूत घालावी, शाळेत दोन मुलींच्या भांडणात घालते तशी. बरं झालं, बोलले नाही.

आम्ही गाडीत बसलो, आणि जिन्यावरून चपलांचा आवाज आला. नीला होती. काकू टेबलावर चष्मा विसरल्या होत्या. तिने खिडकीतून तो त्यांच्या हातात दिला, दोऱ्याने बांधलेली काडी नीट मिटून. आईकडे बघितलं नाही. वर गेली.

काकूंना सोडायला परत मुलुंडला आलो. आवारात उतरल्यावर जांभळाखाली उभं राहून त्यांनी विचारलं, "मी बरोबर केलं ना, शिंदेबाई?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, काकू." हे मात्र म्हणाले, "केलंत ते एकदम बरोबर केलंत." दिवसभरात हे काकूंशी एवढंच एक धड वाक्य बोलले असतील, आणि ते माझ्या विरुद्ध होतं. सकाळी ह्याच माणसाला कागद कराडला न्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटकोपरहून निघालो. खंबाटकीच्या घाटात दोनदा थांबून, पाणी घालून, संध्याकाळी कराड. गल्लीतली सगळी पोरं गाडीमागे धावली. समुद्र बघितला का, हे विचारून झालंच.

कराड

काकूंची आणि माझी पत्रं सुरू झाली. पहिल्या दोन पत्रांत नीलाचं नावसुद्धा नव्हतं. हवा, पाणी, रेशनची साखर. तिसऱ्यात एक ओळ होती: नीला अजून आलेली नाही. मी उत्तरात फार काही लिहिलं नाही. आपल्यामुळे मायलेकींचं बोलणं तुटलं, हे मनातून जात नव्हतं. हे म्हणायचे, वेळ दे. दुकानात गाडीवर पॉलिश मारत बसायचे.

गणपतीत ती आली. काकूंनी लिहिलं, सकाळी आली, काही बोलली नाही, मोदकाची उकड काढायला बसली. दुपारी बाबांच्या फोटोसमोर उभी राहून त्यांच्याशी भांडली, मोठ्याने, शेजारच्यांनी दार वाजवलं एवढं. मग काकूंच्या शेजारी येऊन झोपली. पुढच्या पत्रात नीलाचंच अक्षर होतं, दोनच ओळी, 'तुम्ही कागद आणून दिलेत. मी त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही. राग मानू नका.'

आणि मागच्या महिन्यात काकूंचं हे पत्र आलं. पत्त्यावर मुलुंड नाही, बोरिवली.

'नीला सोमवारी मस्कतला गेली. दोन वर्षांसाठी. तिने पुन्हा अर्ज केला होता, मला उशिरा सांगितलं. जावईबापूंना हो म्हणायला आठवडा लागला. मी म्हटलं, पिंकीला मी बघते, तू जा. मुलुंडचं घर बंद करून इथे आलेय. विमानतळावर फार गर्दी होती. तिने कागदांची पिशवी माझ्याकडे दिली आणि सामानाची ढकलगाडी आणायला गेली. बराच वेळ आली नाही. मी पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी होते. आली, पिशवी घेतली, उघडून बघितली नाही, तशीच खांद्याला लावली आणि आत गेली. पिंकीच्या शाळेची वेळ झाली. थांबते.'